हरकतीचे दोन दिवस

खोली दाखवायच्या आधी चाचींनी माझ्या हातात खडू दिला होता.

मी पाटणजवळच्या गावातून सांगलीला कॉलेजसाठी आले होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नाही, त्यामुळे परगावी खोली बघायला गेल्यावर काय विचारायचं असतं हे मला सांगणारंही कुणी नव्हतं. मामा माधवनगरला यंत्रमागावर कामाला. त्यांनी घर लांबून दाखवलं आणि कामाची पाळी चुकेल म्हणून ते निघून गेले. दार उघडलं ते साठीकडे झुकलेल्या एका बाईंनी. साडीवर पुरुषाचा जुना शर्ट, आणि शर्टावर इतके रंग सांडलेले की त्याचा मूळचा रंग कोणता ते सांगता येऊ नये. मी "खोली आहे का?" असं विचारलं, तर त्यांनी दाराशेजारच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"हितं तुज्या गावाचं नाव लिव."

मला वाटलं, ही परीक्षा आहे आणि मी नापास होणार. लिहिलं. त्यांनी मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं आणि आत कुणाला तरी सांगितलं, "हात कापतोय. पर अक्षर खोटं न्हाई."

आतून पुरुषाचा आवाज आला, "मग दी की खोली. पोरगी उन्हात हुबी हाय."

तो आवाज त्यांच्या मालकांचा. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची आणि बाईंना चाची. बाजारात मात्र त्या 'पेंटरबाई' होत्या. त्यांच्या माडीवर मी तीन वर्षं राहिले. माझ्या गावाचं नाव त्या भिंतीवर अजून आहे. आजूबाजूला चुना मारला तरी तेवढी जागा त्या सोडतात.

चाचींबद्दल लिहायचं तर सुरुवात कुठून करावी हे मला नीट कळत नाही. त्यांचं काहीच ओळीत नव्हतं. रस्त्याने चालताना मध्येच थांबून त्या एखाद्या परक्या भिंतीवर बोटाची पेरं वाजवायच्या, कान लावायच्या, वास घ्यायच्या. घरमालक बाहेर येऊन "काय पायजे?" म्हणाला, तर सांगायच्या, "आतनं वल हाय. न्हाणीचा पाइप बगून घ्या." आणि पुढे निघायच्या. दोन-तीन जणांचे पाइप खरोखरच गळके निघाले होते.

फ्लेक्सखालून त्या कधी गेल्या नाहीत. चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लागला असला की रस्ता ओलांडून पलीकडून जायच्या. फ्लेक्स आल्यावर सगळ्या पेंटरांचं काम गेलं, त्याचा तो राग असेल असं मला वाटायचं. एकदा विचारलं.

"राग कशाचा? सगळ्यांच्या माना एकाच अंगाला, सगळ्यांचं हसू एकासारकं. मला गुदमरल्यावानी हुतं."

माणसाचा चेहरा त्या शेवटी बघायच्या. आधी तो उभा कसा राहतो ते बघायच्या. त्यांच्याकडे घडीचं लोखंडी स्टूल होतं. ते घेऊन चौकात, मार्केट यार्डात, एसटी स्टँडबाहेर कुठेही तासन्‌तास बसायच्या. मी सोबत असले की हळूच सांगायच्या, "ती बाई बग. पिशवी मोकळी हाय, तरी हात जड धरलाय. घरी जाऊन काय सांगायचं त्येचा इचार चाललाय." चौथीपर्यंतच शिकलेल्या. बाकीची शाळा चौकात झाली, असं त्या सांगायच्या.

माझ्याबद्दलही त्यांनी एकदा सांगितलं. मी न विचारताच. "तू कॉलेजच्या दारात कशी हुबी ऱ्हातीस ठावं हाय का? चपला भाईर काडून ठेवल्यावानी." मला ते लागलं. पण खोटं होतं असं म्हणता येणार नाही.

दुकान चाचांचं. त्यांचं नाव आणि पुढे 'आर्ट्स', असा पत्र्याचा बोर्ड घरावर होता. चाचा टेम्पो रंगवायचे, उसाच्या ट्रॉल्या रंगवायचे. लग्न होऊन चाची घरात आल्या तेव्हा दसरा तोंडावर होता आणि अंगणात चार ट्रॉल्या उभ्या होत्या. चाचांनी नव्या नवरीच्या हातात ब्रश दिला तो मोराची शेपूट भरायला. वर्षाच्या आत मोर, कमळ, सावलीची अक्षरं, सगळं चाची करू लागल्या आणि चाचा गिऱ्हाईक सांभाळू लागले. काम झालं की कोपऱ्यात पेंटरची सही करायची पद्धत असते. ती सहीसुद्धा चाचीच करायच्या. अर्थात चाचांच्या नावाची.

"माझ्या हातानं सगळ्यात जास्त काय लिवलं असंल, तर ह्यांचं नाव," त्या सांगायच्या आणि हसायच्या. तोंडाने मात्र त्यांनी ते नाव कधी घेतलं नाही. चाचाही त्यांना 'ऐकलं का' एवढंच म्हणायचे. माझ्या आईवडिलांचंही तसंच आहे, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं.

मग चाचांना साखर झाली आणि नजर गेली. सगळी नाही. माणूस आला-गेला कळायचं, अक्षर कळायचं नाही. त्याच सुमारास फ्लेक्स आले. चाचींनी शाळांच्या भिंतींवर पाढे आणि बाराखडी रंगवली, दुकानांची शटरं रंगवली, आणि तेही संपलं तेव्हा एक दिवस स्वतःच्याच घराची रस्त्याकडची भिंत रंगवायला घेतली.

हे मी यायच्या आधीचं, पण गल्लीने मला इतक्यांदा सांगितलंय की पाहिल्यासारखं झालंय. गल्लीच्या तोंडाशी पंक्चर काढणारा एक म्हातारा बसायचा. चाचींनी त्याला भिंतीवर काढायचं ठरवलं. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून तो बुडबुडा शोधतोय, असं. रंग लावायच्या आधी खडूने रेघा मारून ठेवल्या होत्या. म्हातारा काम सोडून समोर येऊन उभा राहिला.

"माजा कुत्रा कुटं हाय?" त्याने विचारलं.

"तुजा कुत्रा गेल्या साली मेला की."

"मेला म्हून काय झालं? बसायचा तर तितंच."

चाचींनी विचार केला आणि घमेल्याशेजारी कुत्रा काढला. चित्र पुरं झालं, कुणीतरी त्याचा फोटो काढला, तो या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरला आणि लोक ते बघायला माधवनगरला येऊ लागले. चाचींचं म्हणणं, लोक म्हाताऱ्यासाठी आले नाहीत, कुत्र्यासाठी आले. आणि कुत्रा काही त्यांच्या डोक्यातला नव्हता.

तेव्हापासून नियम झाला. भिंत कुठलीही असो, आधी खडूने पूर्ण चित्र काढायचं आणि दोन दिवस तसंच ठेवायचं. ते हरकतीचे दोन दिवस. ज्याला काढलंय त्याने, किंवा जाणाऱ्या-येणाऱ्या कुणीही, येऊन हरकत घ्यायची. हरकत खरी असली तर चित्र बदलायचं. चाची समोर स्टुलावर बसून राहायच्या.

मार्केट यार्डाजवळच्या भिंतीवर त्यांनी हळदीचा जुना सौदा काढला होता. पूर्वी दोन व्यापारी रुमालाखाली हात धरून बोटं दाबायचे आणि भाव ठरवायचे. चाचींनी नुसते दोन हात आणि वर रुमाल काढला. एक म्हातारे अडते काठी टेकत आले, बघत राहिले आणि म्हणाले, "बाई, सौदा मोडलाय का ठरलाय?"

"ठरतोय."

"मग रुमाल असा ताठ कसा? ठरताना हात सैल पडतो. रुमाल मदी खाली जातो."

चाचींनी खिशातला रुमाल काढून त्यांच्या हातावर टाकला. त्या दोघांनी भर रस्त्यात हळदीचा सौदा केला, आणि मग चित्रातला रुमाल मध्ये खाली गेला.

सगळ्या हरकती मान्य व्हायच्या असं नाही. "मला जरा गोरं करा" असं कुणी म्हटलं की चाची सांगायच्या, "ही हरकत न्हाई. ही हौस हाय." पण "मला पुसा" असं कुणी म्हटलं तर एका शब्दाने न विचारता पुसायच्या. एका हमालाला त्यांनी पाठीवर पोतं घेऊन काढलं होतं. तो दुसऱ्या दिवशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "चाची, पुसा मला. गावाकडं हापिसात हाय म्हून सांगितलंय." त्या एका हमालापायी अर्धी भिंत नव्याने करावी लागली. त्यांनी केली.

आज चाचींना लांबून बोलावणी येतात. स्प्रेचे डबे पाठीवर बांधून शहरातली मुलंमुली माधवनगरला येतात आणि खडूची रेघ कशी ओढायची ते शिकतात. या सगळ्याची सुरुवात साताऱ्याच्या भिंतीपासून झाली. आणि त्या भिंतीबाबत माझ्या हातून एक चूक झाली होती.

एका संस्थेने साताऱ्यात भिंती रंगवायला कलाकार मागवले होते. अर्ज मोबाइलवर भरायचा होता. चाची शेजारी बसून घासलेटमध्ये ब्रश धूत होत्या, मी एकेक रकाना वाचून भरत होते. नियमांमध्ये एक ओळ होती : प्रत्येक भिंतीवर कलाकाराच्या नावाची पाटी लावली जाईल. मी ती वाचून दाखवली.

चाचींचा हात थांबला. "नाव येतंय व्हय गं? भितीवर?"

"हो, पाटी लावणार आहेत."

"बरं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा ब्रश धुवायला लागल्या.

निवड झाल्याचा निरोप आला त्या आठवड्यात मी खाली गेले, तर चाची एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर काहीतरी लिहीत होत्या. त्यांचं स्वतःचं नाव होतं. सावलीच्या अक्षरात, जाड अक्षरात, गोल अक्षरात, ट्रॉलीच्या अक्षरात. अकरा तऱ्हांनी. मी बघतेय हे लक्षात आल्यावर त्यांनी पुठ्ठा उलटा केला आणि म्हणाल्या, "ब्रश तपासत हुते."

मला फार बरं वाटलं. तरीही अर्जातल्या नावाच्या रकान्यात मी काय लिहिलंय हे मला तेव्हा आठवलं नाही.

साताऱ्यात मंडईमागची लांब भिंत चाचींच्या वाट्याला आली. चांगल्या भिंती पुण्या-मुंबईच्या मुलांना गेल्या होत्या. ही पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेली, मध्ये गटाराचा पाइप. चाचींनी ती वाजवली, कान लावला आणि म्हणाल्या, "कोरडी हाय. एक नंबर." तीन दिवस त्या मंडईत नुसत्या स्टुलावर बसल्या. मेढ्याकडून पहाटेच्या गाडीने बायका भाजी, घेवडा घेऊन येतात. चाचींनी त्या बायका काढल्या. डोक्यावरची टोपली उतरवून मान मोकळी करतानाचा जो एक क्षण असतो, तो. सगळ्यात मोठी काढली ती घेवडा विकणारी एक आजी. गटाराचा पाइप तिच्या पाठीमागच्या खांबात बेमालूम गेला.

खडूचं काम संपलं त्या संध्याकाळी संस्थेची माणसं आली आणि भिंतीच्या कडेला पत्र्याची पाटी ठोकून गेली. 'कलाकार' आणि पुढे चाचांच्या दुकानाचं नाव.

ते नाव मीच दिलं होतं. शाळेपासून मी जेवढे अर्ज भरले त्यात वडिलांचं नाव लिहिलं, आईच्या पुढे 'गृहिणी' लिहिलं. इथेही 'कलाकाराचे नाव' वाचून घरावरच्या बोर्डाचं नाव लिहिलं होतं. चाची हातभर अंतरावर बसल्या होत्या आणि मी त्यांना विचारलंही नव्हतं.

चाचींनी पाटी वाचली. "बरोबरच हाय की. दुकानाचं नाव हाय," त्या म्हणाल्या. मग पिशवीतून तो पुठ्ठा काढला, त्यावर खडूने भरलेले हात पुसले आणि पुठ्ठा पुन्हा पिशवीत घातला.

मी संस्थेच्या सरांकडे गेले. सर तरुण होते, बोलायला चांगले होते. चूक माझी आहे, नाव बदला, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "अर्जातल्याप्रमाणे सगळीकडे छापून गेलंय. आता नाही होणार. आणि घरचंच नाव आहे ना?" मी पुढे काहीतरी बोलायला हवं होतं. पण मी चपला बाहेर काढून ठेवल्यासारखी उभी होते.

दुसऱ्या दिवशी हरकती सुरू झाल्या. चाची स्टुलावर, शेजारी खुर्चीवर चाचा. त्यांना आम्ही टेम्पोतून मुद्दाम आणलं होतं. एकीने सांगितलं की माझी टोपली उजव्या हातानं उतरत नाही. ते दुरुस्त झालं. मग घेवड्याची आजी आली. तिने स्वतःला वरपासून खालपर्यंत पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि मला विचारलं, "पोरी, त्या पत्र्यावर काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं.

"ह्यो कोन?"

"चाचींचे मालक."

"त्येनं कुटं चितारलंय?"

"नाही."

"आल्यापासनं हिला बगतीया मी. दोन घास भाकरी हुभ्यानं खाती आन्‌ चितारती. आन्‌ नाव बाप्याचं?" ती चाचींकडे वळली. "बाई, माजी हरकत हाय."

चाची गडबडल्या. "आवं आजी, हरकत चित्राला घ्यायाची. पत्र्याला न्हाई."

"पत्रा भितीवर हाय का न्हाई?"

"हाय."

"मग?"

सर तिथेच होते. ते समजावू लागले. बाकीच्या बायका गोळा झाल्या. "छापून गेलंय" हे ऐकल्यावर आजीने पदराने भिंतीवरचा स्वतःचा पाय पुसायला सुरुवात केली.

"काय करताय?" सर म्हणाले.

"माला पुसा. मी न्हाई ऱ्हायाची हितं."

"मलाबी पुसा," दुसरी म्हणाली. मग तिसरी.

चाची उठल्या. ओला फडका त्यांनी हातात घेतला होता. नियम त्यांचाच होता. 'पुसा' म्हटलं की पुसायचं. मी पाहिलं, त्या भिंतीवरच्या आजीच्या चेहऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. ती भिंत पुसून टाकायची त्यांची तयारी झाली होती, पण पाटीबद्दल स्वतःहून एक शब्द काढायची नव्हती.

तेवढ्यात खुर्चीवरून चाचांचा आवाज आला. "साहेब, माजीबी हरकत हाय."

सगळे वळले.

"त्या पत्र्यावर माजं नाव हाय. माजी त्यात एक रेग न्हाई. दिसत असतं तर मीच उपटला असता. जरा तुमी उपटा."

सरांनी चाचांकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं, बायकांकडे पाहिलं. फोन काढला, पण लावला नाही. मग शेजारच्या दुकानातून पक्कड मागवली आणि स्वतः पाटी काढली. ते त्यांना करता आलं याबद्दल मला त्यांचा आदरच वाटतो. "नवीन पाटी बनवायला आठवडा जाईल," ते म्हणाले.

"पाटी कशाला?" आजी म्हणाली. "बाईच्या हाताला काय झालंय?"

चाची कोपऱ्याशी गेल्या. खडू टेकवला. पुठ्ठ्यावर अकरा तऱ्हांनी लिहिलेलं नाव भिंतीवर एका तऱ्हेनेही उतरेना. त्यांनी खडू माझ्यापुढे धरला.

"फारम तू भरलास न्हवं? मग दुरुस्त बी तूच कर."

मी लिहिलं. हात कापत होता. चाचींनी मान तिरकी करून पाहिलं. मला वाटलं, आता त्या पुसून नीट लिहितील. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आसंच. ह्यावरनंच रंग फिरवीन. पर आदी दोन दिस. नावालाबी हरकतीचा नियम हाय."

ते नाव मी इथे लिहीत नाही. माझ्या हातून ते एकदा राहिलं होतं, आणि मग जिथे यायला हवं होतं तिथे आलं. ज्यांना वाचायचं असेल त्यांनी साताऱ्याला मंडईमागे जाऊन वाचावं.

पहिला दिवस काही न होता गेला. दुसऱ्या दिवशी मंडई उठायच्या वेळी आजी आली आणि नावासमोर उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. तरी म्हणाली, "हरकत हाय. लय बारकं हाय. मंडईच्या दारातनं दिसत न्हाई."

चाची लाजल्या. मी त्यांना लाजताना कधी पाहिलं नव्हतं. "आजी, ही हरकत न्हाई. ही हौस झाली."

"हरकतच हाय," चाचा खुर्चीवरून म्हणाले. "मला हितनं वाचाय येत न्हाई."

मग आम्ही नाव पुसलं आणि मोठं लिहिलं. चाचा म्हणाले, न्हाई. आणखी मोठं लिहिलं. न्हाई. आजीने भिंतीलगतची आपली टोपली बाजूला केली, एक बाई शिडी धरायला आली. शेवटी अक्षरं माझ्या कमरेएवढी झाली, आणि चाचा खुर्चीत पुढे सरकले. डोळे बारीक करून त्यांनी पहिलं अक्षर लावलं, मग दुसरं, आणि भर मंडईत चाचींचं नाव मोठ्यांदा वाचलं.